हृदयरुग्णाची घरातील शुश्रूषा आणि औषधे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयात हृदयरुग्णाजवळ डॉक्टर आणि परिचारिका असतात. घरी आल्यावर ते काम बायको, सून, मुलगा किंवा नातू यांच्याकडे येते आणि त्यांना ते शिकवायला कोणाला फारसा वेळ मिळालेला नसतो. परिचारिका म्हणून वॉर्डात काम करताना, सुट्टी होऊन गेलेले रुग्ण महिना-दोन महिन्यांत पुन्हा धापा टाकत आलेले मी अनेकदा पाहिले. चौकशी केल्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळायचे: गोळ्या मध्येच थांबल्या होत्या. पुढील प्रश्न अशाच घरांतून मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत विचारले गेलेले आहेत. येथे दिलेली माहिती काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. औषधाची मात्रा ठरवणे किंवा बदलणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेच काम आहे.

रुग्णाला घरी आणल्यावर सर्वांत आधी काय करावे?

घरात पूर्वीपासून असलेल्या सगळ्या गोळ्या एका ठिकाणी काढाव्यात आणि डिस्चार्ज कार्डावरील यादीशी एकेक करून ताडून पाहाव्यात. एकाच औषधाला निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी नावे असतात. त्यामुळे गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी दिलेली मेटोप्रोलॉल आणि मोठ्या रुग्णालयाने लिहून दिलेली मेटोप्रोलॉल या दोन वेगळ्या गोळ्या आहेत असे समजून दोन्ही दिल्या जातात, आणि चार दिवसांनी रुग्णाला चक्कर येऊन पडल्यावर चूक लक्षात येते. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेले नाव न पाहता त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेले मूळ औषधाचे नाव पाहावे, आणि ते वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याकडून किंवा आरोग्य उपकेंद्रातील सिस्टरांकडून वाचून घ्यावे. यादीत नसलेल्या गोळ्या वेगळ्या पिशवीत बांधून ठेवाव्यात आणि पुढच्या तपासणीला सोबत न्याव्यात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या द्यायच्याही नाहीत आणि फेकायच्याही नाहीत.

एकाच आजारासाठी इतक्या गोळ्या कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, आणि ज्या घराला त्याचे उत्तर कळते त्या घरात गोळ्या सहसा बंद पडत नाहीत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर किंवा स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, बसवल्यानंतर दिली जाणारी ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल ही गोळी रक्तातील बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही, त्यामुळे स्टेंटच्या जाळीत गुठळी होत नाही. ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉल कमी करते आणि रक्तवाहिनीच्या आतील थर फुटू नये म्हणून त्याला स्थिर ठेवते. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला आला म्हणून ती थांबवायची नसते, कारण रिपोर्ट चांगला आला आहे तो त्या गोळीमुळेच. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल हृदयाचे ठोके हळू करते आणि हृदयाला लागणारा प्राणवायू वाचवते. रामिप्रिल, एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन रक्तदाब कमी करते, आणि हृदय अशक्त झाले असेल तर त्याचा आकार आणखी वाढू देत नाही. टॉरसेमाइड किंवा फ्युरोसेमाइड, म्हणजे बोलीतली लघवीची गोळी, फुप्फुसांत आणि पायांत साचलेले पाणी बाहेर काढते. स्पायरोनोलॅक्टोन हेही काम थोडे करते, परंतु हृदय अशक्त असलेल्या रुग्णाला ती मुख्यतः आयुष्य वाढवणारी गोळी म्हणून दिली जाते. मूळची मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिन आता मधुमेह नसलेल्या अशक्त हृदयाच्या रुग्णालाही देतात, त्यामुळे ‘आम्हाला शुगर नाही, ही गोळी चुकून आली’ असे समजून ती बाजूला ठेवू नये.

प्रत्येक गोळीचा काही ना काही त्रास असू शकतो आणि तो ओळखता आला पाहिजे. रामिप्रिलने कोरडा खोकला येतो. तो त्रासदायक असला तरी धोक्याचा नसतो आणि डॉक्टर गोळी बदलून देतात. मात्र त्याच गोळीने ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर पुढची गोळी न देता रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने घोट्यांना सूज येऊ शकते, त्यामुळे पायावरची प्रत्येक सूज हृदयामुळेच आली असे नसते. स्टॅटिनने अंग दुखून लघवी गडद तपकिरी झाली, किंवा ॲस्पिरिनच्या जोडगोळीने शौचास काळी, डांबरासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

आता बरे वाटते आहे. गोळ्या हळूहळू बंद करता येतील का?

स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. ताप किंवा जुलाब उतरला की औषध थांबते, हा आपल्या सर्वांचा लहानपणापासूनचा अनुभव असतो आणि तोच हिशेब हृदयाला लावला जातो. हृदयाच्या बाबतीत रुग्णाला बरे वाटते आहे ते गोळी चालू असल्यामुळे. स्टेंट टाकल्यानंतर दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारणपणे ६ ते १२ महिने चालतात आणि त्यानंतर एक बहुधा आयुष्यभर राहते. पहिल्या काही महिन्यांत त्या एकदम थांबवल्या तर स्टेंट अचानक बंद होऊ शकतो, आणि तो झटका पहिल्या झटक्यापेक्षा जिवावरचा असतो. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी सोडल्यानेही छातीत दुखणे उसळून येते. दात काढायचा असेल, डोळ्यांची शस्त्रक्रिया असेल, तरी ‘गोळी पाच दिवस बंद ठेवा’ हा सल्ला हृदयाच्या डॉक्टरांना फोनवर विचारल्याशिवाय पाळू नये.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने गोळ्या कुठून आणायच्या?

बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागांत हा प्रश्न दर दिवाळीनंतर उभा राहतो. टोळी कारखान्यावर पोहोचते, महिनाभराची पाकिटे संपतात, तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि कोयता चालू असतो म्हणून गोळी बंद पडते. त्यामुळे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना किती महिन्यांसाठी कुठे जात आहोत ते स्पष्ट सांगावे, शक्य असेल तर निदान तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत घ्याव्यात, आणि चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे ठळक लिहून घ्यावीत, कारण कंपनीचे नाव सांगली-कोल्हापुरात किंवा कर्नाटकात मिळेलच असे नाही, परंतु मूळ औषध मिळते. जनऔषधी केंद्रात यांतील बहुतेक औषधे बरीच स्वस्त पडतात, आणि उच्च रक्तदाबाच्या काही गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. डिस्चार्ज कार्ड, ईसीजी आणि चिठ्ठी यांचे फोटो टोळीतल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये ठेवावेत. आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते: उचल घेतली आहे म्हणून अलीकडेच झटका येऊन गेलेल्या माणसाला मोळी उचलायला पाठवू नये. डॉक्टरांनी कोणते काम आणि कधीपासून करता येईल हे लिहून दिले असेल, तर तो कागद मुकादमाला दाखवावा.

एखादी गोळी द्यायची राहिली तर?

आठवताच द्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम कधीही देऊ नयेत.

जिभेखालची गोळी केव्हा आणि कशी द्यावी?

छातीत दाबल्यासारखे, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटू लागले आणि डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट लिहून दिलेली असेल, तर रुग्णाला आधी खाली बसवावे आणि मग गोळी जिभेखाली ठेवावी. उभ्या माणसाला ती दिल्यास रक्तदाब एकदम उतरून तो कोसळू शकतो. गोळी पाण्याबरोबर गिळायची नाही. ५ मिनिटांत दुखणे थांबले नाही किंवा वाढले तर १०८ ला फोन करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत डॉक्टरांनी सांगून ठेवले असेल तितक्याच गोळ्या पाच-पाच मिनिटांच्या अंतराने द्याव्यात. चक्कर येत असेल किंवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर ही गोळी देऊ नये. पुरुष रुग्णाने लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतली असेल तर पुढचे २४ तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जातो. हे संकोचामुळे लपवले जाते, म्हणून डॉक्टरांनी एकांतात विचारल्यावर खरे सांगावे.

सॉर्बिट्रेट हे गॅसचे औषध नाही आणि शेजाऱ्याची गोळी आपल्या माणसाला द्यायची नसते.

छातीत न दुखताही झटका येतो का?

येतो, विशेषतः मधुमेही, वयस्क आणि स्त्रिया यांच्यात. अचानक घाम फुटणे, मळमळ, धाप, जबडा किंवा डावा हात भरून येणे, पोटाच्या वरच्या भागात दडपण, किंवा ‘आज काही बरं वाटेना’ असे म्हणून आई एका जागी बसून राहणे, एवढेच लक्षण असू शकते. रात्रभर ओवा आणि सोडा देऊन सकाळची वाट पाहू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका आल्यापासून १२ तासांच्या आत देता येते आणि जितके लवकर दिले जाईल तितके हृदयाचे स्नायू वाचतात, म्हणून जिथे ईसीजी निघतो ते सर्वांत जवळचे रुग्णालय आधी गाठावे. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्याऐवजी १०८ बोलवावी. रुग्ण निपचित पडला, हाकेला उत्तर देत नसेल आणि श्वासही नीट चालत नसेल, तर त्याला जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवावेत आणि साधारण ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मदत येईपर्यंत न थांबता दाबत राहावे.

घरी रोज काय मोजावे?

वजन, नाडी आणि रक्तदाब, आणि तीनही एका वहीत लिहावेत. हृदय अशक्त असलेल्या रुग्णासाठी यांत वजन सर्वांत मोलाचे आहे, कारण पायावर सूज दिसण्याआधीच साचलेले पाणी वजनकाट्यावर दिसते. सकाळी शौचास जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करावे. एका दिवसात १ किलोपेक्षा किंवा तीन दिवसांत २ किलोपेक्षा अधिक वाढ झाली तर ती जेवणाने झालेली नसते, ते पाणी असते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. घरात एक साधा वजनकाटा असणे मला महागड्या टॉनिकपेक्षा शंभर पटींनी उपयोगाचे वाटते.

नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटांनी, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणल्यास अनियमित ठोके निसटतात. अशक्त हृदयासाठी किंवा अनियमित ठोक्यांसाठी दिली जाणारी डिगॉक्सिन ही गोळी चालू असेल आणि नाडी ६० च्या खाली असेल तर त्या वेळची गोळी थांबवून डॉक्टरांना विचारावे. या औषधाची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे, त्यामुळे अन्नावरची वासना उडणे, उलट्या, नजरेला पिवळसर दिसणे ही लक्षणे पोटाची म्हणून सोडून देऊ नयेत. मेटोप्रोलॉलच्या रुग्णाची नाडी ५० च्या खाली गेली किंवा त्याला अंधारी आली तरीही गोळी देण्यापूर्वी विचारून घ्यावे. तो रुग्ण मधुमेही असेल तर साखर कमी झाल्यावर होणारी धडधड या गोळीमुळे जाणवत नाही. अंगाला घाम येणे ही खूण तेवढी उरते.

रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, आणि पाच मिनिटे शांत बसल्यावर, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावा.

रात्री झोपेत दम लागतो. कसे झोपवावे?

दोन-तीन उशा पाठीमागे लावून किंवा खाटेचे डोके उंच करून झोपवावे. मध्यरात्री घुसमटून उठल्यास रुग्णाला आडवे करू नये, पाय खाली सोडून ताठ बसवावे, खिडकी उघडावी, आणि दहा-पंधरा मिनिटांत आराम पडला नाही किंवा गुलाबी फेसाळ थुंकी पडली तर १०८ बोलवावी. उशांची संख्या एकावरून तीनवर गेली हेही वहीत लिहिण्यासारखे आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. शौचास जोर लावावा लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून इसबगोल द्यावे, आणि उकिडवे बसणे जड जात असेल तर कमोडची खुर्ची आणावी.

उन्हाळ्यात लघवीची गोळी चालू ठेवावी का? पाणी किती द्यावे?

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा हा प्रश्न खरोखर अवघड होतो. अशक्त हृदयाच्या रुग्णाला डॉक्टरांनी दिवसाला दीड ते दोन लिटरची मर्यादा घातलेली असते आणि त्यात पाण्याबरोबर चहा, ताक आणि पातळ वरणही मोजायचे असते. घरातला तांब्या एकदा मापाने भरून तो किती मिलिलिटरचा आहे हे पाहून ठेवले की हिशेब सोपा होतो. परंतु घाम फार जाऊ लागला की हिवाळ्यात बरोबर असलेली गोळी उन्हाळ्यात जास्त होऊ शकते. उठून उभे राहताच अंधारी येणे, पोटऱ्यांत गोळे येणे, लघवी कमी आणि गडद होणे, वजन रोज उतरत जाणे, ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि माठभर पाणीही प्यायचे नाही. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून मात्रा बदलून घ्यायची. उलट्या-जुलाब लागले तर लघवीची गोळी, रामिप्रिल आणि डापाग्लिफ्लोझिन यांच्याबद्दल तातडीने विचारावे, कारण कोरड्या पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते, म्हणून स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने ते रोज पिऊ नये.

लघवीची गोळी सकाळी द्यावी, म्हणजे रात्रीची झोपमोड आणि अंधारात पडणे दोन्ही टळते.

मीठ बंद म्हणजे नेमके काय बंद?

ज्वारीच्या भाकरीत मीठ नसते, ही आपल्याकडची मोठी सोय आहे. ते येते ठेच्यातून, शेंगदाण्याच्या चटणीतून, लोणचे, पापड, कुरडया, फरसाण आणि खारी यांतून. दिवसभराचे मीठ सगळे धरून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, याच्या आत राहावे. भाजी सगळ्यांसाठी कमी मिठाची करून इतरांनी वरून घ्यावे, म्हणजे रुग्णाला वेगळे ताट मिळाल्याचे दुःख होत नाही. लिंबू, आमसूल, जिरे, लसूण, कोथिंबीर यांनी चव येते, आणि आंबटपणामुळे अंबाडीची भाजी कमी मिठातही गोड लागते. सैंधव हेही मीठच आहे. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेले असते, म्हणून रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असलेल्या अथवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्या रुग्णाने ते डॉक्टरांच्या परवानगीशिवाय वापरू नये.

कृत्रिम झडप बसवली आहे आणि एसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. पालेभाजी बंद करायची का?

बंद करायची नाही. मेथी, पालक यांतील जीवनसत्त्व ‘के’ या गोळीच्या विरुद्ध काम करते हे खरे आहे, परंतु गोळीची मात्रा तुमच्या नेहमीच्या जेवणावर बसवलेली असते. म्हणून आठवड्यात जेवढी पालेभाजी खाता तेवढीच खात राहावी. महिनाभर शून्य आणि मग पावसाळ्यात रोज मेथी, असे करू नये. पीटी-आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी सांगितलेल्या तारखेलाच करावी. हा आकडा बहुतेक रुग्णांत २ ते ३ आणि मायट्रल जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये, धातूची झडप असलेल्यांत २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी द्यावी. ही गोळी १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते आणि पाकिटे सारखीच दिसतात, म्हणून घेतानाच मिलिग्रॅम वाचावे. हिरड्यांतून रक्त, लाल लघवी, डोक्याला मार लागणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही झाले तर रुग्णालय गाठावे.

गुडघे दुखतात. दुखण्याची गोळी देऊ का?

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक या गोळ्या शरीरात पाणी साठवतात, रक्तदाब वाढवतात आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर पोटात रक्तस्राव घडवतात. मेडिकलमधून सुटी मिळणारी ‘अंगदुखीची पुडी’ यांनीच भरलेली असते. गरज पडल्यास पॅरासिटामॉल द्यावी, तीही किती द्यायची ते विचारून.

एकादशी, नवरात्र किंवा रमजानचे रोजे धरता येतील का?

नुकताच झटका आलेल्या, अशक्त हृदयाच्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने धरू नयेत असेच मी सांगते. प्रकृती स्थिर असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावे. सहरी आणि इफ्तारच्या वेळांत अनेकदा गोळ्या बसवता येतात. उपवासातली साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वेफर्स रोजच्या भाकरी-वरणापेक्षा हृदयाला जड पडतात. उपवासाला गोळी चालत नाही असा समज असेल तर घरातल्या मोठ्यांनी तो दूर करावा, कारण रुग्ण त्यांचेच ऐकतो. कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जाण्याचा नवस असेल तर तो यंदा घरातल्या दुसऱ्या कोणी फेडावा.

बायपासनंतर किती दिवस जपायचे?

छातीचे हाड जुळायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर ३ ते ५ किलोहून जड वस्तू उचलणे, हातावर जोर देऊन उठणे, हापसा, मोटारसायकल हे सर्व टाळावे. खोकताना छातीशी उशी घट्ट धरावी. ज्या पायातली शीर काढली तो पाय बसताना उंच ठेवावा. जखमेवर हळद, राख किंवा तेल लावू नये. जखमेतून पाणी येणे, ताप, किंवा हाड ‘खटखट’ हलल्यासारखे वाटणे ही वाट पाहण्यासारखी लक्षणे नाहीत. या काळात रुग्ण चिडतो, रडतो, रात्री जागतो. हे पुष्कळांना होते, आणि डॉक्टरांना सांगितल्यास त्यावर उपाय आहेत.

मुलीला झडपेचा आजार आहे. तिच्यासाठी वेगळे काय?

लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून येणाऱ्या संधिवाताच्या तापातून झडपा खराब होतात. त्यासाठी दर २१ दिवसांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन दुखते म्हणून टाळले जाते, आणि प्रत्येक नव्या तापागणिक झडप आणखी बिघडते. झडप खराब झालेली असेल तर हे इंजेक्शन अनेक वर्षे, बहुधा वयाच्या चाळिशीपर्यंत चालू ठेवावे लागते. लग्न ठरवताना आजार लपवू नये, ही मुलीच्या जिवाची गोष्ट आहे: गर्भारपणात हृदयावरचा भार वाढतो, आणि वॉरफरिन, एसिट्रॉम, रामिप्रिल, टेल्मिसार्टन ही औषधे गर्भाला अपाय करू शकतात. म्हणून दिवस राहण्यापूर्वीच हृदयाच्या आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांना एकत्र विचारावे. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात जावे, पण गोळी परस्पर थांबवू नये, कारण कृत्रिम झडपेवर गुठळी होऊ शकते.

बिडी सोडली, तंबाखू चालेल का? आणि मिश्री?

चालणार नाही. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. पुष्कळ स्त्रिया ‘कोणते व्यसन आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात आणि दिवसातून चार वेळा मिश्री लावतात, म्हणून त्यांना तसे नाव घेऊनच विचारावे लागते.

अर्जुनाचा काढा चालेल का?

चालू गोळ्यांच्या जागी चालणार नाही. सोबत घ्यायचा असेल तर डॉक्टरांना सांगूनच घ्यावा.

उपचाराचा खर्च कसा भागवायचा?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास आणि झडपेच्या शस्त्रक्रिया येतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होतानाच त्याला भेटावे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, तसेच लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांपैकी जवळच्या ठिकाणी कोणती सोय आहे ते आशाताईंकडून विचारून घ्यावे.

पुढच्या तपासणीला जाताना काय न्यावे?

डिस्चार्ज कार्ड, जुने ईसीजी आणि इको (हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट), चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटांसह, बाजूला बांधून ठेवलेल्या जुन्या गोळ्यांची पिशवी, आणि वजन-नाडी-रक्तदाबाची वही. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात गोळ्या तापतात, म्हणून त्या कोरड्या झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि खिडकीपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवाव्यात आणि गाडीच्या डिकीत विसरू नयेत. जो रोज गोळ्या देतो तोच माणूस रुग्णासोबत जावा. सून देत असेल तर सुनेनेच जावे आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारल्यावर तिलाच उत्तर देऊ द्यावे.